वस्तऱ्याच्या पात्यावरचे डाग आणि ठिपके कसे काढावेत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

जुना वस्तरा हाती आला, किंवा रोजच्या वापरातल्या वस्तऱ्याच्या पात्यावर अचानक तपकिरी ठिपका दिसला, की पहिला विचार मनात येतो तो पॉलिश पेपर घेऊन घासायला बसण्याचा. नेमक्या याच घाईने चांगली पाती वाया जातात. डाग काढणे म्हणजे शेवटी थोडे पोलाद काढणेच असते आणि काढलेले पोलाद परत बसवता येत नाही. म्हणून डाग कोणता आहे ते आधी ओळखावे, मग सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि पुरेसे झाले की हात थांबवावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेच्या समोरची जाड कड, शोभेसाठी नसते. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा टेकवतात, तेव्हा पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातूनच धारेचा कोन ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर हा कोन साधारण १६ अंश येतो. पाठ घासून अर्धा मिलिमीटर कमी केली, तर तो सव्वाचौदा अंशांच्या आसपास उतरतो. त्याहून वाईट म्हणजे हाताने घासलेली पाठ क्वचितच सर्वत्र सारखी झिजते, आणि मग धारेचा एखादा भाग दगडाला लागतच नाही. त्यामुळे पाठीचा दगडावर टेकणारा भाग आणि धारेलगतची अरुंद तिरकी पट्टी, या दोन जागांना पॉलिश पेपर लावू नये. तिथला डाग धार लावताना दगडच काढतो.

१. पाते कसले आहे आणि डाग कसला आहे ते ओळखा

बहुतेक वस्तरे कार्बन पोलादाचे असतात. हे पोलाद उत्तम धार घेते, पण ओलावा अजिबात सोसत नाही. स्टेनलेस पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर पात्याचे रक्षण करतो. तरीही मीठ किंवा ब्लीच लागल्यास त्यावरही ठिपके पडतात. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्डमध्ये स्टेनलेस पोलाद तयार केले ते १९१३ साली, त्यामुळे त्याआधीचा वस्तरा निःसंशय कार्बन पोलादाचा समजावा. लोहचुंबक लावून फरक कळतो असा अनेकांचा समज असतो, पण पात्यांसाठी वापरले जाणारे, कडक करता येणारे स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटते, म्हणून या चाचणीवर विसंबू नये. शंका असेल तर पाते कार्बन पोलादाचे आहे असे धरूनच काम करावे.

आता उजेडात, शक्य असल्यास दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, पाते नीट पाहावे. पांढुरके, गोल कडा असलेले ठिपके हे बहुधा पाण्यातल्या क्षारांचे असतात, आणि धूसर, किंचित चिकट पापुद्रा हा साबणाचा असतो. हे दोन्ही पात्याच्या वर असतात, आत गेलेले नसतात. करडी किंवा निळसर झाक हा पोलादावर हळूहळू चढलेला घट्ट थर असतो. तो पाते खात नाही, उलट नवा गंज काही प्रमाणात रोखतो. माझे मत विचाराल, तर अशी एकसारखी झाक असलेले जुने पाते तसेच ठेवावे. आरशासारखे चकचकीत केले म्हणून ते अधिक चांगली दाढी करणार नाही.

लाल-तपकिरी गंजाची गोष्ट निराळी आहे. तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खाली खाली सरकत राहतो, म्हणून तो दिसताच काढावा. कापडावर थेंबभर तेल घेऊन ठिपका पुसावा; कापडाला तपकिरी रंग लागला तर गंज जिवंत आहे. काळे, टोकदार ठिपके हे सहसा जुन्या गंजाचे असतात आणि त्यांच्याखाली बारीक खळगा असण्याची शक्यता मोठी असते. लाकडी दातकोरणीचे टोक ठिपक्यावरून हलकेच फिरवावे. टोक अडकले, तर खळगा आहे असे समजावे.

गंज पात्याच्या नेमक्या त्या भागावर असेल, जो वस्तरा मिटल्यावर मुठीच्या आत राहतो, तर मुठीकडेही पाहावे. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. हा पदार्थ कुजू लागला की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि ते पात्याला खातात. मूठ तडकलेली असेल, तिला कापरासारखा किंवा आंबूस उग्र वास येत असेल, तर पाते कितीही स्वच्छ केले तरी गंज परत येणार. अशा वेळी मूठ बदलून घेणे हाच उपाय आहे. सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही असते, तेव्हा त्याच्या जवळ ज्योत किंवा ठिणगी येऊ देऊ नये.

२. लागणारे साहित्य

भांडी घासण्याचा सौम्य द्रवसाबण, मऊ दातब्रश आणि सुती कापडाचे तुकडे.
७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस.
पेन्सिलीचे साधे खोडरबर.
धातू चमकवण्याची पेस्ट किंवा द्रव. ब्रासोसारखे सहज मिळणारे पॉलिशही चालते.
हलके खनिज तेल, शिलाई मशीनसाठी वापरतात तसे.
वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरता येणारा पॉलिश पेपर: ६००, १०००, १५०० आणि २००० क्रमांकाचा. ४०० क्रमांकाचा कागद जवळ असावा, पण तो लागू नये अशीच अपेक्षा ठेवावी.
बाटलीचे एक-दोन बूच, लाकडी दातकोरण्या, पात्याखाली ठेवायला सपाट लाकडी ठोकळा, भिंग आणि कापले न जाणारे हातमोजे.

भाजीपाल्याच्या किंवा खाण्याच्या तेलाने काम भागवू नये. ते हवेत राहून चिकट होते आणि खिळीत, म्हणजे पाते आणि मूठ जोडणाऱ्या पिनेत, साचते.

३. पाते कसे धरावे

या कामात होणाऱ्या जखमा बहुधा धार तपासताना होत नाहीत. पॉलिशने बुळबुळीत झालेले पाते पुसताना बोट घसरते तेव्हा होतात. म्हणून वस्तरा हवेत धरून कधीही घासू नये. तो पूर्ण उघडून, पाते लाकडी ठोकळ्यावर आडवे टेकवावे, धार स्वतःपासून दूर ठेवावी आणि एका वेळी एकच बाजू हाताळावी. पुसताना कापडाची दिशा नेहमी पाठीकडून धारेकडे असावी आणि धारेपाशी कापड उचलून घ्यावे; धारेकडून पाठीकडे, किंवा धारेवरून लांबीच्या दिशेने, कापड कधीही ओढू नये. कापडाची घडी पात्याच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून पुसण्याची सवय असेल तर ती या कामापुरती विसरावी.

ठोकळ्याचा आणखी एक उपयोग आहे. पाते दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले असेल, तर धारेजवळ ते इतके पातळ असते की बोटाच्या दाबाने लवते, आणि अधिक दाबल्यास त्याला चीर पडू शकते. खाली आधार असला की ही भीती पुष्कळ कमी होते.

जुन्या, गंजलेल्या पात्याने कापले गेले, तर जखम साबणपाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे डॉक्टरांना सांगावे.

४. धुणे आणि निर्जंतुक करणे

कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून, दातब्रशने पात्याच्या दोन्ही बाजू पाठीकडून धारेकडे घासाव्यात. आख्खा वस्तरा पाण्यात बुडवू नये. लाकूड, शिंग, हाड किंवा हस्तिदंत यांची मूठ पाणी पिऊन फुगते आणि वाकते, आणि खिळीत शिरलेले पाणी बाहेर निघत नाही. धुतल्यावर लगेच कोरडे करावे. क्षारांचे आणि साबणाचे डाग बरेचदा इथेच निघून जातात.

वस्तरा दुसऱ्या कोणाच्या वापरातला असेल, तर कापसावर ७० टक्के अल्कोहोल घेऊन फक्त पाते पुसावे, काही मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग कोरडे करावे. शुद्ध अल्कोहोलपेक्षा हे पाणी मिसळलेले अल्कोहोल जंतूंवर अधिक परिणामकारक ठरते, कारण पाण्याच्या सोबतीने ते जंतूंमधली प्रथिने लवकर मोडते, शिवाय लवकर उडूनही जात नाही. मुठीला मात्र ते लागू देऊ नये; सेल्युलॉइडवर आणि लाखेच्या रोगणावर त्याचा वाईट परिणाम होतो. ॲसिटोन तर सेल्युलॉइड चक्क विरघळवते. निर्जंतुक करण्यासाठी वस्तरा उकळू नये आणि ब्लीचमध्ये बुडवू नये. ब्लीचमुळे पोलादावर काही वेळातच नवे ठिपके उमटतात.

५. आधी सौम्य उपाय: खोडरबर आणि पॉलिश

बोटांच्या ठशांचे डाग आणि नुकताच उमटलेला हलका गंज साध्या खोडरबराने निघतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कोरड्या पात्यावर, पाठीकडून धारेकडे, हलक्या हाताने घासावे आणि रबराचा चुरा पुसून टाकावा.

तेवढ्याने भागले नाही तर पॉलिश घ्यावे. पण त्याआधी पात्यावर कोरलेली अक्षरे, चित्र किंवा सोनेरी मुलामा आहे का ते पाहावे. हा सोनेरी थर अतिशय पातळ असतो आणि पॉलिशच्या एक-दोन हातांत कायमचा निघून जातो. अशी जागा केवळ साबणपाण्याने स्वच्छ करावी आणि उरलेला डाग राहू द्यावा. दमास्कस पोलादाच्या पात्यालाही हेच लागू आहे, कारण त्यावरची लहरदार नक्षी आम्लाने पृष्ठभाग उठवून काढलेली असते आणि घासल्यास ती फिकट होते.

बाकीच्या पात्यावर वाटाण्याएवढी पेस्ट सुती कापडावर घेऊन डागाभोवती लहान गोल फिरवावे. धारेपासून दोन-तीन मिलिमीटर आत राहावे. कापड काळे पडू लागेल. ते पॉलिशने काढलेले ऑक्साइड आणि पोलादाचे सूक्ष्म कण असतात. दोन-तीन मिनिटांनी पुसून भिंगातून पाहावे आणि डाग फिकट होत असेल तर हेच पुन्हा करावे. इथे धीर धरणे फार मोलाचे आहे. पॉलिशने दहा मिनिटांत निघणारा डाग कागदाने एका मिनिटात निघतो, पण मग कागदाचे ओरखडे काढण्यात अख्खी दुपार जाते.

६. लाल गंजासाठी तेल

गंजाचा थर हाताला खरखरीत लागत असेल, तर त्यावर हलके तेल किंवा डब्ल्यूडी-४० लावून काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तसेच ठेवावे. मग लाकडी दातकोरणीच्या किंवा बांबूच्या काडीच्या चपट्या टोकाने तो खरवडून काढावा. लाकूड गंजापेक्षा मऊ असले तरी सुटलेला गंज उचलायला पुरेसे असते आणि पोलादावर ओरखडा काढत नाही. सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांचे पोलादी लोकर तेलासह वापरता येते. भांडी घासण्याची तारेची जाळी मात्र पात्याजवळ आणू नये.

व्हिनेगर आणि लिंबू यांची शिफारस सगळीकडे केली जाते. वस्तऱ्याच्या बाबतीत मी ती मुळीच करणार नाही. आम्ल गंज विरघळवते हे खरे, पण ते तिथेच थांबत नाही: चांगल्या पोलादालाही ते खाते, पात्यावर मळकट करडा पट्टा उमटतो, पातळ धार खडबडीत होते आणि कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. शौचालय स्वच्छ करण्याची तीव्र आम्ले तर काही मिनिटांतच पाते निकामी करतात.

७. वॉटर पेपर, शेवटचा उपाय म्हणून

कागद घेण्याआधी स्वतःला विचारावे की हा डाग पाते खातो आहे, की तो फक्त डोळ्यांना खुपतो आहे. दुसरे उत्तर असेल आणि वस्तरा जुना असेल, तर इथेच थांबणे उत्तम. पात्याच्या मागच्या अरुंद भागावर कारखान्याचा किंवा गावाचा ठसा असतो. झोलिंगेन, शेफिल्ड अशी नावे तिथेच वाचायला मिळतात. त्या ठशावरून वस्तऱ्याचा काळ कळतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानुसार आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे १८९१ पासून बंधनकारक झाले, म्हणून देशाचे नाव असलेला ठसा बहुधा त्यानंतरचा मानतात. असा ठसा घासून पुसट केला तर वस्तऱ्याची ओळखच जाते. ठशाच्या भागाला कागद लावू नये.

घासायचे ठरलेच, तर सुरुवात बारीक कागदाने करावी, जाड कागदाने नव्हे. आधी २००० क्रमांकाचा कागद एका लहान जागेवर वापरून पाहावा. त्याने काहीच फरक पडला नाही तर १००० आणि मग ६००. ज्या क्रमांकाला डाग हलू लागेल, तिथूनच खरे काम सुरू होते, आणि त्यापेक्षा जाड कागदाकडे जायचे नाही.

कागदामागे काय धरायचे हा या सगळ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. खोलगट पात्यावर लाकडाचा सपाट तुकडा कागदामागे धरला, तर तो मध्यभागी पोहोचतच नाही. तो टेकतो पाठीवर आणि धारेवर, म्हणजे ज्या दोन जागा राखायच्या आहेत तिथेच. म्हणून बुचाची एक बाजू पात्याच्या खोलीला जुळेल अशी गोलसर करून त्यावर कागद गुंडाळावा. बूच किंचित दबते आणि दाब सारखा पसरवते. नुसत्या बोटाने घासल्यास दाब एका ठिकाणी येऊन पात्यावर लाटा पडतात, आणि पॉलिश केल्यावर त्या फार ठळक दिसतात. पाचरीसारखी सपाट अंगाची जुनी पातीही असतात. त्यांना सपाट आधार चालतो, पण तिथे पाठ आणि धार वाचवण्यासाठी अधिक जपून घासावे लागते.

कागदावर पाण्याऐवजी हलके तेल घ्यावे. पाण्याने काम होते, परंतु नुकतेच उघडे पडलेले कार्बन पोलाद ओले राहिले तर काही मिनिटांतच त्यावर नव्याने तांबूस छटा येते. पहिल्या कागदाने पात्याच्या लांबीच्या दिशेने, धारेपासून आत राहून, लहान हात मारावेत. पुढचा बारीक कागद पाठीकडून धारेच्या दिशेने, तिरपा चालवावा. अशा रीतीने दर कागदाला दिशा बदलली, की मागच्या कागदाचे ओरखडे उरले आहेत का ते लगेच दिसते. ते सर्व गेल्याशिवाय पुढच्या क्रमांकाकडे जाऊ नये. ६०० चे राहिलेले ओरखडे २००० च्या कागदाने तासभर घासूनही जात नाहीत. दोन कागदांच्या मध्ये पाते आणि ठोकळा दोन्ही पुसून घ्यावेत, कारण जाड कागदाचा एखादा सुटा कणही नवा ओरखडा काढतो. कागद सारखा बदलत राहावा. झिजलेला कागद कापत नाही, नुसता चोळतो. दोन्ही बाजूंवर सारखेच काम करावे आणि शेवटी पाचव्या पायरीतले पॉलिश फिरवावे.

फिरत्या यंत्राचा मोह नवशिक्याने पूर्णपणे टाळावा. वस्तऱ्याचे पोलाद कडक केल्यानंतर साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला तापवून त्याची ठिसूळता कमी केलेली असते; वेगाने फिरणारे चाक पातळ धारेला काही क्षणांत त्याहून अधिक तापवते. धारेजवळ पिवळसर, तपकिरी किंवा निळी छटा उमटली, तर तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे. तो भाग पुन्हा धार धरणार नाही, आणि घरी त्यावर उपाय नाही. शिवाय चाकात अडकलेले पाते हातातून उडते.

८. खिळीजवळचा आणि मुठीच्या आतला गंज

खिळीभोवतीचा गंज दिसत नाही म्हणून राहून जातो आणि तिथूनच पुन्हा पसरतो. वस्तरा अर्धवट उघडून, तेल लावलेली कापडाची अरुंद पट्टी पाते आणि मूठ यांच्या फटीतून घालावी आणि पुढे-मागे ओढावी. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हे करावे आणि मग खिळीवर तेलाचा एक थेंब सोडावा. खीळ काढून वस्तरा सुटा करण्याचे काम पहिल्याच वस्तऱ्यावर करू नये. जुन्या मुठी खीळ ठोकताना सहज चिरतात.

९. खळग्यांचे काय करावे

ठिपका गेला पण खाली बारीक खळगा राहिला, तर तो बुजवता येत नाही. आजूबाजूचे सगळे पोलाद त्या खोलीपर्यंत उतरवले तरच तो नाहीसा होतो. पात्याच्या मध्यभागी किंवा पाठीजवळ असा खळगा असेल, तर त्यातला गंज दातकोरणी आणि पॉलिशने काढून, तेल लावून तो तसाच सोडून द्यावा. दाढीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

धारेलगतचा खळगा मात्र गंभीर असतो. धार लावता लावता दगड त्या खळग्यापर्यंत पोहोचला की तिथे धारेला दाता पडतो आणि असा दाता त्वचेला ओरबाडतो. भिंगाखाली धारेच्या तिरक्या पट्टीवर काळे बिंदू दिसत असतील, तर वस्तरा जाणकाराकडे धार लावायला द्यावा आणि बिंदू निघेपर्यंत धार मागे घ्यावी लागेल याची तयारी ठेवावी. धारेच्या संपूर्ण लांबीवर असे बिंदू पसरलेले असतील, तर तो वस्तरा विकत घेऊ नये. विक्रेता कितीही चमकदार छायाचित्रे दाखवो, धारेचे जवळून काढलेले छायाचित्र मागितल्याशिवाय जुन्या वस्तऱ्याचे पैसे देऊ नयेत.

१०. धार, आणि त्यानंतरची निगा

पॉलिश आणि कागद यांच्या संपर्कात आलेली धार थोडीफार बोथट होतेच. १००० क्रमांकाच्या पाणदगडापासून ८००० किंवा त्यापुढच्या बारीक दगडापर्यंत नेऊन ती पुन्हा लावावी लागते. हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि पहिल्या वेळी ते अनुभवी माणसाकडून करून घेणे चांगले. गंज किंवा पॉलिश राहिलेले पाते चामडी पट्ट्यावर फिरवू नये. कण चामड्यात रुततात आणि पुढे प्रत्येक वेळी धार बिघडवतात.

दाढी झाल्यावर पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, उघड्या स्थितीत हवेवर कोरडे होऊ द्यावे. लगेच मिटून ठेवलेल्या वस्तऱ्यात ओलावा मुठीच्या फटीत कोंडतो. पात्याला बोट लावणे टाळावे, कारण घामातले मीठ एका रात्रीत ठसा उमटवू शकते. वस्तरा स्नानगृहात ठेवू नये. चामड्याच्या म्यानातही दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला मानवत नाहीत. सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा इतर वस्तऱ्यांसोबत बंद पेटीत ठेवू नये, नाहीतर एका मुठीतून सुटलेले वायू शेजारच्या पात्यांनाही डागाळतात. काही आठवडे वापरायचा नसेल, तर पात्यावर खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावे. पुन्हा वापरायला काढताना हे तेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसून मगच पाते पट्ट्यावर फिरवावे.